जैसे थे

दादारावांनी मिठाची बरणी उचलली आणि जेवणाच्या टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवली.

"हे इंग्लंड."

मग रिकामा कुकर ओढून दुसऱ्या कडेला आणला. "ही अमेरिका. मधला सगळा समुद्र. सांग आता. आधी कारणं, मग घटनाक्रम, मग परिणाम."

"यशो, आजोबांना सांग, कुकर मला हवाय," अंजली स्वयंपाकघरातून म्हणाली. "वरण लावायचंय."

"यशो, आईला सांग, युद्ध संपलं की देतो."

शाळेचं प्रेझेंटेशन बनवणाऱ्या यशोधराने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "आय थिंक शी हर्ड यू, आजोबा."

स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये दारसुद्धा नव्हतं. पण सासरा आणि सून यांचं बोलणं गेल्या आठवड्यापासून यशोधरामार्फत चाललं होतं. परदेशातल्या, चोआ चू कांगच्या त्या फ्लॅटमध्ये दादाराव नवीन वर्षापर्यंत राहणार होते. आता ते शनिवारी नागपूरला परत निघाले होते. तिकीट त्यांनी स्वतःच फोन करून बदलून घेतलं आणि घरात ते यशोधराकडून कळवलं.

कारण खुर्चीचं होतं.

खाली कुणीतरी टाकून दिलेली ती रुंद हातांची लाकडी खुर्ची दादारावांनी लिफ्टमधून वर आणली होती आणि दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मांडली होती. सकाळी तिच्यात बसून ते वाचत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला 'गुड मॉर्निंग' म्हणत. महिन्याभरात मजल्यावरची सगळी माणसं त्यांना नावाने ओळखू लागली. इथे अकरा वर्षं राहूनही अंजलीला त्यातली निम्मी माहीत नव्हती. एका संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "बाबा, कॉरिडॉरमध्ये सामान ठेवायला इथे बंदी असते. आग लागली तर लोकांना पळता आलं पाहिजे." दादारावांनी हातातलं पुस्तक फटकन मिटलं. तो आवाज घरात सगळ्यांना ऐकू आला.

अंजलीला रात्रभर वाईट वाटलं. सकाळी तिने टेप घेऊन कॉरिडॉर मोजला आणि ती काम करत असे त्या प्रयोगशाळेतून फोन करून नेमका नियम विचारला. माणसं जाण्यापुरती वाट मोकळी राहत असेल तर चालतं, असं कळलं. दुपारी यशोधराचा फोन आला की आजोबा विचारताहेत, खुर्चीचं काय करू. खुर्ची राहू दे, असं अंजलीने कळवलं. तरीही संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खुर्ची गेलेली होती. दादाराव सोफ्यावर ताठ बसून पेपर धरून होते. एवढाच राग असेल तर असो, असं तिने मनात म्हटलं. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत पुरेल म्हणून आणलेली ज्वारीच्या पिठाची मोठी पिशवी ओट्याखाली न फोडता पडली होती, आणि ती आधीच्या पिशवीचा तळ खरवडत होती.

"मुळात," दादाराव म्हणाले, "अमेरिका इंग्रजांशी एकदाच लढली. चहाच्या पेट्या पाण्यात टाकल्या, स्वातंत्र्य मिळालं, विषय संपला. तीस वर्षं शिकवलंय मी."

"हे सेकंड वॉर आहे, आजोबा. एटीन ट्वेल्व्ह."

"दुसरं? मला कोणी कळवलं नाही ते?"

"टू हंड्रेड इयर्स झाली."

दादारावांनी चष्मा पुसला. शाळेत ते इतिहास शिकवत आणि कवायतही घेत, कारण कवायतीच्या तासाला दुसरं कुणी तयार नसे. अंजलीने वाकून पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माहीत नसलेलं काही समोर आलं की तिच्या स्वतःच्याही होत. ती पिठाकडे वळली.

"कारणं," दादाराव म्हणाले.

"ओके. इंग्लंडची फ्रान्सशी फाइट चालू होती. म्हणून ते अमेरिकन शिप्स अडवायचे. ट्रेड करू द्यायचे नाहीत. ती ऑर्डरच काढली होती. आणि शिपवरचे सेलर्स उचलून न्यायचे. म्हणायचे, हा आमचा माणूस आहे."

"आणि तो म्हणाला, मी तुमचा नाही, तर?"

"तरी न्यायचे."

"भले! पुढे."

बिस्किटांचा डबा कॅनडा झाला. अमेरिकेने कॅनडावर स्वारी केली. कुकरचं झाकण डब्यापर्यंत गेलं आणि मार खाऊन परत आलं. मग मिठाची बरणी समुद्र ओलांडून आली.

"मग ब्रिटिशांनी कॅपिटल जाळली. प्रेसिडेंटचं घर पण."

"राष्ट्राध्यक्षांचं घर जाळलं?" दादाराव खुर्चीतून अर्धे उठले. "आणि ही गोष्ट आमच्या पुस्तकात नाही? मुलं किती मन लावून बसली असती! परिणाम काय झाला? कोण जिंकलं?"

"नोबडी. ट्रीटी केली. ज्याचं त्याला परत. सगळं बिफोरसारखं."

"जैसे थे!"

"व्हॉट?"

दादाराव टेबलाजवळ खाडकन उभे राहिले. "सावधान! डावीकडे वळ!" ते डावीकडे वळले. "आता चुकीचा हुकूम दिला असं सरांच्या लक्षात आलं, की सर म्हणतात, जैसे थे!" ते पुन्हा समोर वळले. "झालं. काहीच झालेलं नाही. फक्त सगळ्यांची दमछाक झाली."

यशोधरा हसली आणि तिने ते लिहून घेतलं. अंजलीही हसली असती, पण तिने नळ सोडला.

"आणि बेस्ट पार्ट ऐका. ती ट्रेडची ऑर्डर होती ना? अमेरिकेने वॉर डिक्लेअर केलं, त्याच्या दोन दिवस आधीच इंग्लंडने सांगितलं होतं की आम्ही ती कॅन्सल करतोय."

"मग लढले कशाला?"

"माहीतच नव्हतं. शिपने मेसेज यायला वीक्स लागायचे."

दादारावांनी टेबलावर थाप मारली. मिठाची बरणी उडाली. "म्हणजे भांडण मिटलेलं आणि हे तलवारी उपसून उभे! एकानं तरी सरळ विचारायचं होतं, बाबा रे, तुझं म्हणणं काय आहे? शहाणी म्हणवणारी माणसं!"

अंजलीने नळ बंद केला. ती पिठाच्या हातांनी टेबलाजवळ आली.

"यशो. खुर्चीचा निरोप तू आजोबांना काय सांगितलास?"

"तू सांगितलास तोच, लाह." वाक्याला ते 'लाह'चं शेपूट ती इथल्या शाळेत शिकली होती.

"कुठल्या शब्दांत?"

यशोधराने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "आय सेड, नेव्हर माइंड. फर्गेट इट. आई म्हणते सोडून द्या."

"मी 'राहू दे' म्हटलं होतं."

"येस, सो? राहू दे म्हणजे नेव्हर माइंडच ना? मी भांडी धुते म्हटलं की तू म्हणतेस, राहू दे. एव्हरी टाइम."

दादारावांनी मिठाची बरणी उचलली, तिचं झाकण घट्ट केलं आणि ती पुन्हा तिथेच ठेवली.

"मला वाटलं," ते बरणीकडे पाहत म्हणाले, "तू म्हणतेस, जाऊ द्या ती."

"मी म्हटलं होतं, तिथेच राहू दे." अंजलीचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला. "मी मोजलं होतं. टेपनं."

"टेपनं?"

"माणसांना जायला जागा उरते."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही मला का नाही विचारलंत?"

यशोधरा लॅपटॉपमागे शक्य तितकी लहान झाली. दादाराव हळूच खाली बसले.

"कुठे टाकलीत खुर्ची?" अंजलीने विचारलं.

"टाकली नाही. वरच्या मजल्यावर मिसेस कोह आहेत, त्यांना दिली. त्यांनी तिच्यावर मनी प्लँट ठेवलंय."

"तुम्हाला कसं माहीत?"

दादारावांनी घसा साफ केला. "रोज बघून येतो."

अंजली काहीतरी बोलणार होती, पण तिला आधी हसू आलं. ते लपवायला तिने हात वर नेला आणि नाकाला पीठ लागलं.

"वॉर ओव्हर," यशोधरा म्हणाली. "मी डॅडला मेसेज करते."

"त्याला कुठला मिळतोय," दादाराव म्हणाले. नरेश जुरोंग आयलंडवरच्या तेलाच्या प्लांटमध्ये इंजिनिअर होता. प्लांटच्या गेटवर फोन कपाटात ठेवून आत जावं लागे, आणि निघताना तो परत घेतला तरी कंपनीच्या बसमध्ये नरेश घोरत येई. "बरं, प्रेझेंटेशन पुरं कर. तहानंतर काय?"

"तहानंतर सगळ्यात मोठी लढाई झाली."

"तहानंतर?"

"बातमी पोचलीच नव्हती ना."

दारात किल्ली फिरली. नरेश आत आला. पाठीवर सॅक, गळ्यात पास, काखेत लाल प्लास्टिकची नवी खुर्ची. त्याने ती जमिनीवर आपटली. बूटही काढले नाहीत.

"आज मी बोलणार आहे," तो म्हणाला, "आणि तुम्ही दोघं ऐकणार आहात."

"डॅड, ॲक्च्युअली..."

दादारावांनी नातीच्या हातावर हात ठेवला. "होऊ दे त्याचं."

नरेश बोलला. एका भंगार खुर्चीपायी घराचं काय झालंय, यावर बोलला. दोन शिकलेली माणसं पंधरा वर्षांच्या मुलीला पोस्टमन करतात, यावर बोलला. बाबा शनिवारी कुठेही जाणार नाहीत, अंजलीला पटो न पटो ही लाल खुर्ची कॉरिडॉरमध्येच राहील आणि दंड आला तर तो भरेल, हे त्याने बोट उगारून सांगितलं. एवढं सलग तो लग्नानंतर प्रथमच बोलत होता. मध्ये कुणी अडवत नाही म्हणून त्याचा आवाज चढत गेला, आणि अजूनही कुणी अडवत नाही म्हणून शेवटी तो थोडा गोंधळला.

"कुणाला काही म्हणायचंय?" त्याने विचारलं.

तिघांनीही नकारार्थी माना हलवल्या. नरेशने विजयी मुद्रेने बूट काढले आणि तो हात धुवायला गेला.

अंजलीने टेबलावरून अमेरिका उचलली आणि वरण लावलं. मग ओट्याखाली वाकून तिने पिठाची मोठी पिशवी बाहेर ओढली आणि कात्रीने तिचा कोपरा कापला.

"बाबा, भाकरी एक की दोन?"

"यशो, आईला सांग..." दादाराव थांबले. त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली.

"दीड," ते म्हणाले.