आजचा शेवटचा, अधिक एक

मित्रांनो, मला बघायला येऊ नका, बघण्यासारखं माझ्याकडे काही नाही. रक्ततपासणीच्या एका छोट्या लॅबमध्ये, काउंटरवरच्या जुन्या संगणकात मी राहतो. नव्या पेशंटची नोंद झाली की तिला क्रमांक देणं, एवढंच माझं काम. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, एक आडवी रेघ आणि त्यापुढे त्या दिवसाचा कितवा पेशंट ते.

एका संगणकवाल्याने मला एका दुपारी लिहिलं. त्याचं अर्धं लक्ष चहात होतं, पण नियम त्याने नीट शिकवला. आजच्या नोंदी बघ, त्यातला सर्वांत मोठा क्रमांक शोध, त्यात एक मिळव. आज एकही नोंद नसेल तर एकपासून सुरू कर. त्याआधी काउंटरवरच्या ताई हातानेच क्रमांक घालायच्या आणि गर्दीत हमखास घोळ व्हायचा. मी आलो आणि घोळ थांबला. डॉक्टरीणबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, "आमच्याकडे नंबर इकडचा तिकडे होत नाही हं!" खरं सांगतो, बरं वाटायचं. पुढे कौतुक आटलं. संगणकाच्या पंख्यात धूळ साचली, पडद्याचा कोपरा पिवळा पडला, आणि मी आहे हेही सगळे विसरले. बिनबोभाट काम करणाऱ्याचं असंच होतं.

ताईंना मात्र एक खोड होती. नोंद चुकली की त्या दुरुस्त करायच्या नाहीत, सगळी ओळच पुसून नव्याने लिहायच्या. "खाडाखोड मला बघवत नाही," म्हणायच्या. आता, पुसलेली ओळ मला दिसतच नाही. ती शेवटची असली, तर तिचा क्रमांक मी सरळ पुढच्या नोंदीला देऊन टाकतो. इतकी वर्षं हे खपून गेलं, कारण ताई पुसल्या पुसल्या त्याच माणसाची नोंद पुन्हा करायच्या आणि त्याचा क्रमांक त्यालाच परत मिळायचा.

एके सकाळी एक ट्रकड्रायव्हर आला. त्याच्या मालकाला तपासणीचा रिपोर्ट हवा होता. नोंद झाली, चौदा नंबरची चिठ्ठी निघाली, नळीवर चिकटली, आणि रक्त देऊन तो गेलाही. मग ताईंच्या लक्षात आलं, एवढ्या झुपकेदार मिशीवाल्या गड्याला आपण 'स्त्री' लिहून ठेवलंय! "अगं बाई!" म्हणत त्यांनी ओळ पुसली. तेवढ्यात खिडकीशी शाळेतल्या एक बाई आल्या. "माझं आधी घ्या हो, शाळा भरायची वेळ झालीय." ताईंनी त्यांना आधी घेतलं. मी पाहिलं, आजचा शेवटचा क्रमांक तेरा. बाईंना चौदा दिला. ड्रायव्हरची नोंद मग पंधरावर गेली, पण त्याची नळी आत चौदा नंबर लावूनच उभी होती.

थोड्या वेळाने टेक्निशियन भाऊ दोन नळ्या घेऊन बाहेर आले. "ताई, दोन्हींवर चौदा आहे. आणि एकीत हिमोग्लोबिन इतकं कमी, की हा माणूस उभा कसा राहिला तेच कळत नाही."

ताईंचा चेहरा उतरला. "बाईंचंच असणार. किती फिक्या दिसत होत्या!"

"चेहरा बघून रिपोर्ट द्यायचा तर नळ्या कशाला भरतो आपण?" डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या. "दोघांनाही बोलवा."

बाई मधल्या सुट्टीत येऊन पुन्हा रक्त देऊन गेल्या. त्यांचं रक्त अगदी ठणठणीत निघालं. ताईंनी घाईघाईने ड्रायव्हरला फोन लावला. पलीकडे इंजिनाची घरघर होती.

"ताई, गाडी भरलीय, निघालोच बघा. परत आल्यावर येतो की."

"नाही दादा, आत्ताच या. चक्कर येते का हो तुम्हाला?"

"जराशी येते. झोप झाली नसेल."

"दादा, चूक माझी आहे. मी नोंद पुसली. तुमचा रिपोर्ट दुसऱ्याच बाईंच्या नावावर गेला असता आणि तुम्ही तिकडे गाडी चालवत राहिला असता. हात जोडते, खाली उतरा." ताई रडत होत्या.

घरघर बंद झाली.

त्याच्या पोटात आतल्या आत रक्त जात होतं. त्याला लगेच दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं, आणि गडी वाचला. नंतर संगणकवाला आला आणि त्याने माझा नियम बदलला. आता नोंद पुसताच येत नाही. ती 'रद्द' होते, आणि तिचा क्रमांक पुन्हा कोणालाही मिळत नाही. चूक स्वतःहून कबूल केली म्हणून ताईंना कोणी ओरडलं नाही.

मित्रांनो, आम्हाला कामाला लावा, आमच्यावर विसंबाही, पण आमच्यावर सोपवून मोकळे होऊ नका. त्या सकाळी मी नियम तंतोतंत पाळला होता. तेरात एक मिळवला की चौदाच होतात. नळीत कोणाचं रक्त आहे, हे विचारायला मला कोणी शिकवलेलं नाही. ते तुम्हालाच विचारावं लागेल.