बिनवासाची ट्यूब

साबणवाल्यांच्या घरात माणूस आधी नाकाने ओळखू यायचा, मग डोळ्यांनी. खाली रस्त्याकडे दुकान, मागे साबणाची खोली, वर राहायच्या खोल्या, आणि तिन्हीकडे वास असा मुरलेला की पाहुण्याला पहिला घास साबणाचाच लागायचा. घरात दोघी जावा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती गल्ल्यावर बसायची आणि एक वडी घ्यायला आलेल्याच्या पिशवीत चार वड्या घालून पाठवायची. धाकटीचा नवरा मागच्या खोलीत कढईत साबण घोटायचा. त्याचे हात भरपूर चालायचे, तोंड बेताचं. आणि वासांचं खातं धाकटीकडे. कुठल्या वडीत गुलाब किती आणि पुदिना किती, हे तिचं नाक ठरवायचं. त्या नाकाचा तिला तोराही होता.

धाकटीची पाळी बंद झाली तेव्हा तिने एक कटकट टळली म्हणून सुटकेचा निःश्वास सोडला होता. पण पाळी जाताना एकटी गेली नाही, आतला ओलावाही बरोबर घेऊन गेली. हळूहळू योनीत कोरडेपणा आला. चालताना चुरचुरायचं, लघवीला आग व्हायची, आणि नवऱ्याने जवळ घेतलं की असं दुखायचं की ती ओठ आवळून भिंतीकडे वळायची.

"आज डोकं दुखतंय हो," म्हणायची.

डोकं बिचारं ठणठणीत होतं. दुखणं एकाचं आणि खर्च दुसऱ्याच्या नावावर, असा कारभार कितीसा चालणार? एके दिवशी नवऱ्याने मुकाट्याने आपली उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीतल्या कोचावर नेऊन टाकली.

"तुला नीट झोप लागेल," एवढंच म्हणाला.

भांडला असता तर तिने दोन शब्द ऐकवले असते. समजूतदार माणसाला काय ऐकवणार? एवढ्या संसारात दोघांची तोंडं अनेकदा फिरली होती, पण अंथरुणं कधी वेगळी झाली नव्हती. हा माणूस दार न आपटता हातचा चाललाय, हे तिला कळत होतं, आणि त्याला थांबवायचं तर काय सांगून, हे कळत नव्हतं.

त्यात नवऱ्याचं एक नवीनच सुरू झालं. सकाळी गुलाबाच्या वडीने अंघोळ, काम संपल्यावर लिंबाच्या वडीने पुन्हा अंघोळ, वर मानेला अत्तर. थोरली असली संधी सोडणारी नव्हे.

"भाऊजी, आज कुठल्या बागेत लोळून आलात?"

"काही नाही वहिनी, उकडतंय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

धाकटीने शेवटी थोरलीजवळ मन मोकळं केलं. थोरलीने वड्यांना कागद गुंडाळता गुंडाळता सगळं ऐकून घेतलं.

"वयाचं आहे अगं. माझंही झालं होतं. गप्प बसायचं."

"किती दिवस?"

"मी अजून बसलेच आहे की."

गप्प बसणं धाकटीच्या रक्तात नव्हतं. तळवे फुटले की मलम लावतो, ओठ फुटले की लावतो, मग याच जागेने काय घोडं मारलंय? विचार सरळ होता. पण साबणवालीने स्वतःच्या हाताने मलम करायचं आणि त्यात वास घालायचा नाही, हे कसं जमावं? तिने मेण वितळवलं, तेल घातलं, चांगलं घोटलं, आणि सवयीने हात बाटल्यांच्या फळीकडे गेला. ताजंतवानं वाटावं म्हणून तिने पुदिन्याचा अर्क घातला. थोडा. मग वास मनासारखा येईना म्हणून आणखी थोडा.

पुदिन्याने आपलं काम चोख बजावलं. मलम लावलं, आणि दुसऱ्याच क्षणी धाकटी न्हाणीघरात थंड पाण्याच्या घमेल्यात बसली होती आणि तोंडाने वाफ सोडावी तसे आवाज काढत होती. बाहेरून नवऱ्याने दार ठोठावलं.

"काय झालं? उंदीर आहे का?"

"हो, आहे. तुम्ही येऊ नका."

"मोठा आहे?"

"भलताच."

ती बाहेर आली तेव्हा तो झाडू उगारून दारात उभा होता. "मेला?" त्याने विचारलं.

"पळाला," ती म्हणाली, आणि पाय फाकवून चालत खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी थोरली तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वाटेत हसणार नाही असं तिने कबूल केलं होतं, आणि दवाखाना येईपर्यंत पदराने डोळे पुसत होती.

डॉक्टरीणबाई वयाने दोघींच्या लेकीसारखी, पण प्रश्न विचारताना जराही अडखळली नाही. पाळी कधी थांबली, मधे रक्त दिसलं का, संबंधाच्या वेळी दुखतं का. शेवटच्या प्रश्नाला थोरलीने भिंतीवरच्या घड्याळात डोळे खुपसले. मग डॉक्टरीणबाईने पडद्यामागे नेऊन तपासलं.

"जंतुसंसर्ग नाही, ते बरं झालं. पाळी गेली की शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं, त्याने आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते. पुष्कळ बायकांना होतं, पण कोणी बोलत नाही. धुता कशाने?"

"आमच्याच साबणाने," धाकटी ताठ बसली. "आतूनसुद्धा. गुलाबाची वडी."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "अहो, ती जागा आतून आपली आपण साफ राहते. तिला साबण नको, गुलाब तर नकोच नको. बाहेरून साधं पाणी पुरे."

"आम्ही तर गिऱ्हाइकाला सर्वांगासाठी म्हणून देतो," थोरली म्हणाली.

"सर्वांगात हे अंग धरू नका."

धाकटीचं तोंड उतरलं. ज्या नाकावर घर चालत होतं, त्यानेच घरात चोर घेतला होता. पण डॉक्टरीणबाईने तिला फार वेळ उतरलेली राहू दिलं नाही. आधी पुदिन्याची आग पुरती शमू द्या, म्हणाली. मग योनीसाठीच केलेलं, पाण्यावर आधारलेलं ओलावा देणारं जेल आणा, दोन-तीन दिवसांनी एकदा नेमाने लावा, दुखो न दुखो. संबंधाच्या वेळी लावायचं वंगणाचं जेल वेगळं असतं, तेही ठेवा. जेलची आम्लता त्या जागेच्या आम्लतेला मिळतीजुळती हवी, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. वास, रंग, चव, गार किंवा गरम करणारं काही नको. काही जणींना ग्लिसरीननेही चुरचुरतं. काही आठवड्यांत उतार पडला नाही तर त्याच जागी लावायचं संप्रेरकाचं सौम्य मलम असतं, त्याचं तेव्हा बघू.

"आणि रक्त दिसलं तर घरी मलमं घोटत बसायचं नाही. सरळ इकडे यायचं."

औषधांच्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराने तीन ट्यूबा काउंटरवर मांडल्या आणि हवेत बघत उभा राहिला. पहिलीवर स्ट्रॉबेरीचं चित्र होतं.

"ही काय पावाला लावायची?" थोरली म्हणाली. मागचा गृहस्थ खोकला.

"ताई, हळू."

दुसऱ्या ट्यूबवर 'सुखद ऊब' लिहिलं होतं. पुदिन्याच्या अनुभवानंतर धाकटीने ती बोटाच्या टोकाने परत सरकवली. तिसरीवर फूलबिल काही नव्हतं. पण धाकटी धंद्यातली. तिने चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. सुवास किती टोपणनावांनी यादीत लपून बसतो, हे तिला पाठ होतं, ती स्वतःच त्यांना आजवर लपवत आली होती. शेवटून तिसऱ्या ओळीत तिने एकाला पकडलं.

"ह्यात लव्हेंडर आहे."

"वास तर येत नाही," दुकानदार म्हणाला.

"तुम्हाला येत नाही. दुसरी दाखवा."

त्याने आत जाऊन एक पांढरं पाकीट आणलं. त्यावर धड चित्रही नव्हतं. धाकटीने यादी वाचली, आम्लता बघितली, ग्लिसरीन शोधलं, ते नव्हतं. आयुष्यभर तिने मालात काय काय आहे ते सांगून माल विकला होता. आज पहिल्यांदा त्यात काय नाही ते बघून ती घेत होती.

घरी आल्यावर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून तिने दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली. खाज नाही, लाली नाही. मग ती मागच्या खोलीत गेली. नवरा कढईवर वाकला होता.

"त्या दिवशी उंदीर नव्हता," ती म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं. पाळीपासून पुदिन्यापर्यंत. त्याचा हात कधी थांबला ते त्यालाही कळलं नाही.

"म्हणजे माझं काही नव्हतं?"

"तुमचं काय असणार?"

"मला वाटलं, माझ्या अंगाला कढईतल्या तेलाचा वास मारतो. म्हणून तोंड फिरवतेस. म्हणून तर मी..." त्याने आपली बाही हुंगली आणि स्वतःच तोंड वाकडं केलं.

"अहो, त्या लिंबाने मला शिंका येतात," ती म्हणाली, आणि मग दोघेही इतके हसले की कढईतला साबण तळाला लागला. थोरलीने गल्ल्यावरून ओरडून विचारलं की तिकडे घोटणं चाललंय की तमाशा.

ट्यूबने जादू केली नाही. पहिल्या आठवड्यात धाकटीला वाटलं, हे नुसतं पाणी आहे. मग एके दिवशी ती जिना उतरून आली आणि खाली आल्यावर ध्यानात आलं की चुरचुरलं नाही. पुढे बसताना-उठताना ती जागा आठवेनाशी झाली. नवरा घाई करत नव्हता, पण "कसं आहे?" हे रोज विचारायचा आणि उत्तर नीट ऐकायचा.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर थोरलीने चांगली साडी नेसली.

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येते. गुडघा दाखवायचाय."

"गुडघा? काल तर स्टुलावर चढून जळमटं काढत होतात, ताई."

"तेव्हाच दुखावला असेल. तू तुझं बघ," थोरली म्हणाली, आणि गुडघ्याला न शोभेलशा वेगाने जिना उतरून गेली.

घरात दोघंच उरली. नवरा नुसत्या पाण्याने अंघोळ करून आला होता. पलंगाच्या कडेला बसून त्याने पाकिटातून माहितीचा कागद काढला, उलगडला, चष्मा चढवला आणि नवा माल कढईत घालण्यापूर्वी वाचावं तसा पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

"दुखलं तर लगेच सांगशील ना?"

"सांगेन."

"इथे लिहिलंय, की..."

"मी वाचलंय ते सगळं," तिने त्याच्या हातातून कागद काढून घेतला. "चष्मा काढा. टोचतो."