लवंगांसाठी घडवलेली डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची डबी आहे. मुठीत मावते एवढीच. पण झाकणावर नक्षी आहे, हे आधीच सांगून ठेवते. बीडच्या एका तांबटानं मला लवंगा ठेवायला घडवलं. वत्सलाबाईच्या लग्नात मला रुखवतात मांडलं आणि ती मला सासरी, उमापूरला घेऊन आली. तिच्या सासूनं पहिल्याच आठवड्यात लवंगा फडताळात ओतल्या आणि माझ्यात मिश्री भरली.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. बायका ती बोटानं दातांना, हिरड्यांना लावतात. पण उमापुरात तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. गडीमाणसं खातात ती तंबाखू, बायका लावतात ते "दात घासायचं". वत्सलाबाईच्या कमरेच्या पिशवीत माझी वर्षं गेली. "लई भारी डबी हाय गं," असं शेजारणी म्हणत, तेव्हा मला बरं वाटे.

तिची एकुलती एक मुलगी अपेक्षा आठवीत असताना तिची दाढ ठणकायला लागली. पोर रडून रडून बेजार! लवंगा फडताळात होत्या, मी कमरेला होते. "ये इकडं, बाई माझी. एवढं लाव, आत्ता थांबंल बघ," वत्सलाबाई म्हणाली. अपेक्षाला गरगरलं, ती भिंतीला टेकून बसली, पण दाढ गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनं परत लावली. मग दाढ दुखायची थांबली तरी लावतच राहिली. मायेनंच झालं हे सगळं, त्याला काय करणार?

आता अपेक्षा पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे तलवाड्याच्या रस्त्यानं पळायला जाते. निघण्याआधी तिचं बोट माझ्यात. लावली नाही तर डोकं धरतं, लावली तर अर्ध्या वाटेतच धाप लागते. "अशक्तपणा हाय, दूध पीत जा," आई म्हणे. सवय सुटावी म्हणून अपेक्षानं मला कितीदा तरी ज्वारीच्या कणगीत दडवलं आणि दुपारच्या आत स्वतःच उकरून काढलं.

अशात गावातल्या बाया महादेवाच्या देवळापुढं जमल्या. शाळेजवळच्या टपरीवर पोरं गुटखा खातात, नशेच्या गोळ्याही मिळतात म्हणे, ती टपरी हलवायची होती. वत्सलाबाई सगळ्यांत पुढं.

"आमच्या पोरींचं बरं हाय माय, कशाला शिवत न्हाईत. ह्या पोरट्यांलाच काय झालंय!"

अपेक्षा उभी राहिली. "माय, मलाबी हाय."

"काय हाय?"

"तंबाखूची सवय. लईदा सोडून बघितली, सुटंना. तुझ्या कमरंची डबी."

"अगं, ती तर मिश्री!"

"भाजली म्हणून ती तंबाखू ऱ्हात न्हाई व्हय? पळताना धाप लागती मला. भरतीत मागं ऱ्हाईन मी, माय!"

वत्सलाबाईचा हात कमरेकडं गेला आणि तिथंच थांबला. ज्यांच्या कमरेला माझ्यासारख्या डब्या होत्या, त्या बाया खाली बघू लागल्या. दवाखान्यातल्या पौर्णिमाताई म्हणाल्या, "पोरगी खरं बोलती. काकू, उद्या दोघी दवाखान्यात या. सोडायला मदत करतात तिथं."

त्याच दिवशी मिश्री उकिरड्यावर गेली. मला चिंच लावून राखेनं इतकं घासलं की नक्षी पुसट झाली. ते मला आवडलं नाही. पण आत पुन्हा लवंगा आल्या.

सुटलं सगळं असं मी म्हणणार नाही. मायलेकी चिडचिड करतात, भाकरीवरून भांडतात. मध्ये एकदा अपेक्षानं शेजारून मागून लावलीच, आणि संध्याकाळी रडत आईला सांगितलं. आई ओरडली नाही. पळताना धाप मात्र आता कमी लागते. भरती अजून व्हायची आहे.

मित्रांनो, आम्हा डब्यांना काय, जे भराल ते सांभाळतो. लेकराच्या हाती डबी देण्याआधी आत काय आहे, त्याचं खरं नाव त्याला सांगा, एवढंच माझं मागणं.

परवा शेजारची बायनाबाई आली. "वत्सले, सुनंची दाढ ठणकतीय. जराशी मिश्री दे."

"तंबाखू न्हाई माझ्याकडं," वत्सलाबाई म्हणाली.

"तंबाखू कोण मागतंय बाई? मिश्री दे म्हणलं."

"तेच म्हणती मी," असं म्हणत वत्सलाबाईनं माझं झाकण उघडलं आणि तिच्या हातावर लवंग ठेवली.