अर्धे कापलेले उत्तर

मित्रांनो, मी एक उत्तर आहे. आता तसे जुनेच म्हणायचे. शेतकऱ्यांच्या चर्चेच्या एका संकेतस्थळावर माझे घर आहे. तिथे कुणीतरी विचारले होते, "ज्वारी कापल्यावर बुडख्यांना फुटवे आलेत. गुरांना चारू का?" कमठाण्याच्या दानेश्वरीने गोठ्यापाशी बसून मोबाईलवर मला लिहिले. फुटव्यांचा चारा चांगला, गुरे आवडीने खातात, असे आधी सांगितले. शेवटी बजावले, "पण कोवळे फुटवे विषारी असतात. फुलोरा आल्यावर कापा, वाळवा, मगच घाला."

तिथला नियम साधा होता. लिखाणावरचा हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो; पण ते कुणालाही फुकट नेता येते, बदलताही येते. अट एवढीच, की मूळ लिहिणाऱ्याचे नाव आणि मूळ जागेचा पत्ता द्यायचा, आणि काय बदलले ते सांगायचे. दानेश्वरीला हे मनापासून पटले होते. लोक मला वाचत, आभार मानत, आपल्या गावी नेत. मला फार अभिमान वाटे.

मग हुमनाबादच्या अनिलकुमारने मला नेले. त्याचे बियाण्यांचे दुकान आहे. त्याने माझ्या मजकुराचे चित्र केले, दानेश्वरीचे नाव काढून स्वतःचे घातले, खाली 'सर्व हक्क राखीव' असे छापले आणि माझी शेवटची ओळ कापली. ते चित्र मोबाईलवरून गावोगाव पोचले.

एका दुपारी मादन हिप्परग्याहून दानेश्वरीच्या मावशीचा, सिद्धव्वाचा, फोन आला.

"मावशी, कामून रडायलीस?"

"गाय पडली गं! तोंडातून फेस यायलाय. मोबाईलात चांगलं म्हणून लिव्हलतं, म्हणून फुटव्यात सोडले!"

नशिबाने जनावरांचे डॉक्टर जवळच होते. इंजेक्शन दिल्यावर गाय उठली. मावशीने पाठवलेले चित्र दानेश्वरीने उघडून पाहिले. वाक्ये तिचीच होती.

तिने अनिलकुमारला जाब विचारला. तो बिथरला. त्याने उलट संकेतस्थळाकडेच तक्रार केली, की हे उत्तर माझ्याकडून चोरले आहे. चौकशी होईपर्यंत मला झाकून ठेवण्यात आले.

मित्रांनो, ते दिवस आठवले की आजही जीव धास्तावतो. पूर्ण उत्तर अंधारात आणि अर्धे उत्तर मोकाट! आता कुणाच्या दावणीचे जनावर पडणार? ओरडून सांगावेसे वाटे. पण झाकलेले उत्तर कोण वाचणार?

शेवटी दानेश्वरी हुमनाबादला गेली. तिथे काय बोलणे झाले ते तिने पुढे माझ्याखालीच लिहिले, म्हणून मला कळले.

"अण्णा, ही वाक्यं माझी हायत."

"नेटवरचं सगळ्यांचंच असतंय की. तू तर फुकट लिव्हलीस."

"फुकट दिलं म्हणून बेवारस सोडलं न्हाई. नावाचं ऱ्हाऊ द्या. खालची ओळ कामून कापलात? माझ्या मावशीची गाय मरता मरता वाचली."

अनिलकुमारने मोबाईल काढून ते चित्र पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाला, "चित्रात मावंना, म्हणून कापलो. एवढं व्हईल वाटलं न्हाई अक्का."

त्याने तक्रार मागे घेतली. पूर्ण मजकुराचे, दानेश्वरीच्या नावाचे आणि माझ्या पत्त्याचे नवे चित्र केले. मी पुन्हा उजेडात आले. पण आधी गेलेली चित्रे परत येतात थोडीच! दानेश्वरीला वाटले, मला काढूनच टाकावे. मग तिच्या लक्षात आले, की मी गेले तरी ते तुकडे फिरतच राहणार, आणि त्यांना खोडून काढणारे कुणी उरणार नाही. तिने मला राहू दिले.

परवाच एका अनोळखी माणसाने ती वाक्ये शोधत मला गाठले. खाली लिहिले, "असं चित्र आलंय. म्हैस फुटव्यात सोडायलो. खरं का?" दानेश्वरीने लगेच लिहिले, "सोडू नका! वरचं सगळं वाचा." त्यावर त्याचे काहीच आले नाही. त्याने ते वाचले का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला खुशाल न्या. पण पूर्ण न्या, आणि मी कुणाचे, कुठले, ते सांगा. म्हणजे शंका आली तर माणसाला विचारायला एक दार तरी राहील.