तीन नळ्या, एक हात

"हे तिघं तिळे आहेत का?" जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईहून आलेला कागद उलटून त्याची पाठही पाहिली.

मोतीलाल हसला. "छे हो साहेब. मी मोठा, मग भटू, मग ताईबाई, धाकटा निंबा."

"मग तिघा भावांचे आकडे एकच कसे?"

कागदावर प्रत्येक नावासमोर ए, बी, डीआर अशी अक्षरं आणि त्यांना चिकटलेले आकडे होते. भावांच्या तिन्ही ओळी कार्बन लावून काढल्यासारख्या. चौथी ओळ ताईबाईची. ती या तिन्ही ओळींशी अर्धीच जुळत होती.

ताईबाई एकतीस वर्षांची, शिरपूरला दिलेली. त्र्याण्णवच्या दिवाळीत तिच्या रक्तात कॅन्सर निघाला. औषधांनी तो सध्या दबला होता आणि दबलेला असतानाच तिला भावाच्या हाडांतला मगज द्यायचा होता. त्यासाठी त्याच्या पेशींची जात तिच्याशी तंतोतंत जुळायला हवी होती.

मोतीलाल धरणगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. गाडीत हात खुपसायचा, एक मूठ काढायची, धागा अंगठ्यावर ओढायचा आणि अख्ख्या गाडीची प्रत सांगून मोकळं व्हायचं. बावीस हंगामांत तक्रारी तीन, त्यातल्या दोन साडूच्या. घरातही सोयरीक, बैल, बियाणं तोच एका नजरेत पास-नापास करी. एवढी खात्री असलेल्या माणसाला उलट कोण विचारणार?

"साहेब, नळ्या तुम्ही तीन दिल्या होत्या," तो अजून निवांतच होता. "भाऊ वेचणीत अडकलेले. निंबाला तर सुई पाहिली की घेरी येते. आमच्याकडच्या कंपाउंडरला म्हटलं, भर तिन्ही माझ्याच हातातून. एका आईबापाचा माल. मूठ एक काय नि तीन काय!"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. कोणतं अर्धं, ते प्रत्येक लेकराचं निराळं. तुमचं जुळलं नाही. त्या दोघांचं आपल्याला माहीतच नाही. आणि महिना गेला."

मोतीलालचं हसू ओठांवर तसंच राहिलं, त्याला ते आवरायचं सुचेना.

"उद्याच्या उद्या दोघांना आणा."

दोघे आले. निंबा सुई पाहून खरोखर आडवा झाला. तोंडावर पाणी मारल्यावर उठला आणि डोळे मिटून पुन्हा हात पुढे केला.

कागद यायला आणखी पाच आठवडे. भटूची ओळ अगदीच परकी. निंबाची ओळ मोतीलालने स्वतः बोट ठेवून ताईबाईच्या ओळीशी ताडून पाहिली. अक्षर तेच. आकडा तोच. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"जुळलं साहेब! बठ्ठं जुळलं!"

डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे सरकवला. तो ताईबाईच्या रक्ताचा, परवाचा.

"आजार परत उसळलाय. औषध बदलून पाहिलं, दबत नाही. मुंबईवाले म्हणतात, आता मगज दिला तरी तिला झेपायचं नाही."

"पण जुळलं ना..."

"गेल्या महिन्यात हा कागद हातात असता, तर मी तिला त्याच दिवशी मुंबईला पाठवलं असतं."

मोतीलाल बाहेर आला तेव्हा बाकावर निंबा बसला होता. उजव्या हाताची बाही दंडापर्यंत दुमडलेली.

"भाऊ, माले ऐकाले उनं. मनं रगत जुळनं ना? मंग मगज कव्हय लेतस? सकायपाईन काही खादं नही मी. त्यास्ले सांग, आजच ल्या. आते मी घाबरत नही."

मोतीलाल शेजारी बसला. मग त्याने निंबाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बाहीची एकेक घडी उलगडत ती मनगटापर्यंत खाली आणली. बटण काही त्याच्या बोटांत येईना.

"मुंबईले जाईसन लेतस का मंग?" निंबाने विचारलं, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच ते लावून घेतलं.