कान्हेरीचा उतार

“काशीराम, माका पान लागला,” असं म्हणत धाकू रोपांच्या पिशव्यांमध्येच मटकन बसला. कोकणातला माणूस सापाचं नाव तोंडाने घेत नाही, जिवावर बेतलं तरी नाही! घोट्यावर दोन लाल टिपके दिसत होते.

काशीरामच्या हातातली झारी पडली. कान्हेरीजवळची ती रोपवाटिका. फोन आणि जीप खाली गेटवर, चांगली दोन कोसांवर.

“चल, डबलशीट घेतंय तुका.”

“नको रे. हललंय तर इख चढात. तू गाडी घेवन ये.”

बरोबर काम करणारी नंदाबाई धावत आली नि धाकूच्या तोंडात कडुनिंबाचा पाला कोंबू लागली. “बघताय काय भावजी? निघा ना!”

काशीराम निघाला. संपात गिरणी गेली, खोलीतली भांडीही गेली, उरली ती ही सायकल. रोज संध्याकाळी दुसऱ्या वळणावर तो पायडलवरचे पाय उचलायचा, फाकवायचा आणि सुटायचा. चाळिशीचा बाप्या, पण त्या उतारावर पोर व्हायचा. मागून धाकू ओरडायचा, “रे मेल्या, देवान पाय कित्याक दिल्यान?”

आज त्याने पहिल्या वळणापर्यंत जीव तोडून पायडल मारलं. मग दुसरं वळण आलं. सागाच्या पानांतून ऊन गळत होतं, खाली बोरिवलीच्या नव्या इमारती, त्यांच्यापलीकडे खाडी चमकत होती. सदऱ्यात वारं शिरलं आणि पाय उचलले गेले. सवयच ती. पण सवयीचं पांघरूण तरी किती घालायचं? त्याला बरं वाटलं होतं, अगदी मनापासून. तोंडातून शीळसुद्धा निघाली. नदीवरच्या पुलापर्यंत धाकू त्याच्या डोक्यातच नव्हता. पुलावर चाक आदळलं तेव्हा कुठे, “अरे देवा!” म्हणत त्याने पुन्हा पायडल मारलं.

जीप वर गेली, धाकूला घेऊन खाली आली. दवाखान्याच्या दारातच तो गेला.

“थोडं आधी आणलं असतं तर, डॉक्टर?” काशीरामने विचारलं.

“आता ते कशाला विचारता?” डॉक्टर म्हणाले आणि आत निघून गेले.

तेराव्याला मालाडच्या खोलीत धाकूची बायको मालन सगळ्यांना सांगत होती, “ह्या भावोजींनी जिवाचा रान केल्यानी. सख्खो भाव करूचो नाय इतक्या.” तिने आपल्या हाताने त्याच्या पानात वडा वाढला. काशीरामला लाजेने मान वर करवेना.

“वयनी, मी त्या दिवशी...”

“खावा तुमी. मनाक लावन घेव नका.”

त्याने वडा खाल्ला.

पुढची पाच वर्षं तो त्याच रोपवाटिकेत राबला. सकाळी सगळ्यांसारखाच सायकल ढकलत चढायचा. संध्याकाळी हँडल धरून तसाच पायी उतरायचा.

“काय भावजी, परत पंक्चर?” नंदाबाई विचारायची.

“हो ना,” म्हणत तो टणक फुगलेल्या चाकांची ती सायकल ब्रेक दाबत दाबत उतारावरून खाली न्यायचा.