थंडेबाबांचं गार चूर्ण

शेवटी थंडेबाबांचा रक्तदाब सगळ्या वस्तीत जास्त निघाला आणि त्यांनी हात जोडून एक गोळी मागितली.

पण हे घडलेलंच नाही. बाबांचे भक्त तसं शपथेवर सांगतात, आणि शपथेपुढे आपण काय बोलणार? तेव्हा वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजा आणि गॅरेजपाशी चला. तिथे पाय ठेवायला जागा उरलेली नाही.

गॅरेज बंद पडलेलं होतं. पूर्वी तिथे ट्रक दुरुस्त व्हायचे, आता माणसं होत होती. इंजिन उचलायच्या साखळ्या छताला अजून लटकत होत्या. त्यांच्याखाली ट्रकचीच एक सीट, सीटवर दाढीवाले बाबा, आणि बाबांच्या पुढ्यात पत्र्याचा हंडा. हंड्याचं नाव त्यागपात्र.

"रक्त म्हणजे काय?" बाबा गरजले.

"लाल पाणी!" गर्दी ओरडली.

"पाणी का उसळतं?"

"खाली जाळ असतो म्हणून!"

"आणि जाळ कशाचा?"

"गोळ्यांचा!"

मग एकेकाने पुढे यायचं, दवाखान्यातून आणलेल्या रक्तदाबाच्या, आणि असतील त्या इतर गोळ्याही, हंड्यात टाकायच्या आणि बदल्यात चिमूटभर पांढरं चूर्ण जिभेवर घ्यायचं. बाबा दोन्ही हात वर करून म्हणायचे, "दाबा, उतर खाली!" गोळ्या मात्र पाकिटातून सोलून टाकायच्या. त्यागाला प्लास्टिक चालत नाही, असं बाबांचं मत होतं.

रात्री हंडा आतल्या खोलीत जायचा आणि सकाळी रिकामा बाहेर यायचा. गोळ्या कुठे जातात? तर हवेत विरतात. विरताना मिक्सरसारखा आवाज येतो. एका म्हातारीने भीत भीत विचारलंही होतं. तो आपल्या सूक्ष्म शरीराचा आवाज आहे, असं बाबांनी सांगितल्यावर तिने आपल्याच तोंडात मारून घेतलं.

आणि खरी पंचाईत पुढेच होती. लोकांचा दाब उतरत होता.

या पंचाईतीने बटणवालीची झोप उडाली होती. ती कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे आणून घरी बटणं लावायची, म्हणून बटणवाली. नवरा गोदामावर वॉचमन. गेल्या वर्षी एका सकाळी जेवताना त्याचं अर्धं तोंड वाकडं झालं आणि घास ओठातून खाली पडला. तोंड जागेवर आलं, पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "या वेळी वाचलात. गोळी चुकवलीत तर पुढच्या वेळचं मी काही सांगत नाही."

तेव्हापासून बटणवालीने आणि शेजारच्या इस्त्रीवाल्याने मिळून एक मंडळ काढलं होतं. नाव दाबमंडळ. इस्त्रीच्या दुकानात संध्याकाळी जमायचं, दवाखान्याने दिलेल्या मशीनवर एकमेकांचा दाब मोजायचा, कुणी गोळी विसरलं तर खिडकीतून हाका मारून त्याची लाज काढायची. नियम एकच होता, आणि तोच सगळ्यांना जाच वाटे. पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. बोलत्या माणसाचा दाब खोटा चढतो. वस्तीतल्या बायाबापड्यांना उपाशी राहा म्हटलं असतं तर राहिल्या असत्या, पण गप्प बसा म्हणजे काय?

बाबांकडे बोलायची मुभा होती. बोलायची काय, ओरडायची. बघता बघता दाबमंडळ इस्त्रीच्या टेबलाएवढं उरलं.

सगळ्यात आधी फुटला तो वॉचमनच. गोळी खा म्हटलं की "विसरलो" म्हणणारा हा माणूस आता कामावर जायच्या आधी, न चुकता, आंघोळ करून चूर्णासाठी रांगेत उभा राहू लागला.

"अहो, ती गोळी तेवढी खा ना," बटणवाली म्हणायची.

"त्याग केला."

"तोंड वाकडं झालं होतं ते विसरलात?"

"ते तोंड माझं होतं. विसरेन कसा?" आणि तो गंभीरपणे इस्त्रीच्या दुकानात जाऊन मशीनला दंड लावायचा. आकडा झकास यायचा. "बघ! तुझंच मशीन. आता बोल."

बटणवाली मुकाट पट्टा गुंडाळून ठेवायची. मशीन खोटं म्हणावं, तर मंडळच खोटं.

मग एका दुपारी वॉचमन गोदामाच्या फाटकापाशी स्टुलावरून सरळ खाली आला. लोकांना वाटलं, ड्यूटीवर झोपला, म्हणजे नेहमीचंच. पण तो उठेना. हातगाडीवर घालून त्याला दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि चष्मा कपाळावर ढकलला. "किती गोळ्या खाल्ल्या?"

"एकही नाही," वॉचमन झोपल्या झोपल्याच अभिमानाने म्हणाला. "मी त्यागी आहे."

"दाब इतका खाली आलाय की माणूस उभा राहू नये. मग खाल्लंत काय?"

"फक्त चूर्ण. गोड असतं."

"साखरेनं दाब असा कोसळत नाही हो. ज्यानं कोसळतो, ते माझ्या कपाटात असतं."

हे ऐकून बटणवालीच्या डोक्यात एकदम मिक्सर सुरू झाला.

घरी येताना वॉचमन मात्र खुशीत होता. "बाबांची शक्ती बघ! उभ्या माणसाला आडवा केला."

"पडलात तुम्ही!"

"पडलो, पण शांतपणे पडलो."

अशा माणसाला काय सांगणार? सांगून पटायचं असतं तर डॉक्टरीणबाईंचंच पटलं नसतं का? बटणवाली गुपचूप इस्त्रीवाल्याकडे गेली.

"भाऊजी, हंड्यात टाकतो तेच आपण परत खातोय, असं मला वाटतंय."

"काहीतरीच काय, वहिनी. लोक काय आंधळे आहेत?"

"तुम्ही परवा दुकानात दिवसभर का झोपलात?"

इस्त्रीवाला शर्टावर इस्त्री तशीच ठेवून विचार करत राहिला. तोही चोरून चूर्ण खात होता, हे तिला कळलेलं त्याला माहीत नव्हतं. शर्ट जळायला लागला तेव्हा म्हणाला, "काय करायचं बोला."

दुसऱ्या दिवशी बटणवाली बाबांच्या पायाशी जाऊन बसली. "बाबा, रांगेत फार रेटारेटी होते. मी घरोघर जाऊन गोळ्या गोळा करून आणू का? सोलून मीच हंड्यात टाकीन."

बाबा विरघळले. "माई, आजपासून तू त्यागसेविका!"

वॉचमनच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको मार्गाला लागली.

त्यागसेविका दारोदार फिरली. प्रत्येकाची पाकिटं तिने बटणांच्या रिकाम्या पुड्यांत घातली, ज्याची त्याची वेगळी, आणि वर नाव लिहिलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपरमिंटच्या पांढऱ्या गोळ्यांची बरणी घेतली आणि ती त्यागपात्रात उपडी केली. त्या रात्री सूक्ष्म शरीर जरा जास्तच खडखडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवरून बाबा गरजले, गर्दी ओरडली, जिभा बाहेर आल्या, चूर्ण जिभांवर पडलं.

"अगं बाई! गार!" पहिली मावशी किंचाळली.

"नाकातून वारा जातोय!"

"माझी तर कानशिलं थंड पडली!"

बाबा क्षणभर गोंधळले. मग त्यांनी हात वर केले. "आज मी ध्यानात बर्फाच्या गुहेत गेलो होतो! ती थंडी तुम्हाला आणून दिली!"

टाळ्यांनी पत्रा हादरला. वॉचमन पुन्हा पुन्हा आत श्वास ओढून बघत होता आणि रडत होता.

"बाबा," बटणवाली उभी राहिली. "गुहा पेपरमिंटची होती का हो?"

तिने पिशवी सोडली आणि पुड्या सतरंजीवर ओतल्या.

"या तुमच्या कालच्या गोळ्या. नावं वाचा आणि घ्या. हंड्यात मी एक बरणी पेपरमिंट टाकलं होतं. आता सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाचा वास घ्या."

कधी नव्हे ती सगळी वस्ती एकमेकांच्या तोंडाजवळ आली.

बाबा सावरले. "अजाण माई! मी गोळ्यांतलं विष मंत्राने काढून अमृत करतो!"

"मग पेपरमिंटचं का नाही झालं?"

बाबांनी हंड्यात डोकावून पाहिलं.

"म्हणजे," इस्त्रीवाला सावकाश म्हणाला, "आपण इतके दिवस औषधच खात होतो?"

"औषधच. फक्त दुसऱ्याचं. कुणाच्या दाबाचं, कुणाच्या साखरेचं. ज्याच्या चिमटीत जे आलं ते."

"म्हणूनच मला दिवसभर झोप!"

"मेल्या, ती माझी झोपेची गोळी!" मावशी त्याच्या अंगावर धावली. "मी इथे रात्ररात्र जागी!"

बटणवालीचं लक्ष वॉचमनकडे होतं. तो आपली पुडी हातात धरून बसला होता. पेपरमिंटच्या थंडीने नाक गळत होतं.

"म्हणजे मी पडलो तो शांतपणे नाही पडलो," तो हळूच म्हणाला.

"नाही हो. कुणाकुणाच्या गोळ्या एकदम पोटात गेल्या म्हणून पडलात. नशीब, नुसते पडलात."

त्याने एक गोळी सोलली, पाणी मागितलं आणि गिळली. "आता दाब कुणामुळे उतरला म्हणायचं?"

"डॉक्टरीणबाईंमुळे. आणि वेळेवर खाल्ली तर तुमच्यामुळे."

आता मुद्द्याचं. चमत्कार नव्हता असं नाही. चमत्कार हा, की वर्षभर पाकिटं कपाटात साठवणारी माणसं रोज ठरल्या वेळी, न चुकता, सगळ्यांसोबत गोळी खायला लागली. दाब त्यानेच उतरला. बाबांनी फक्त गोळ्या दळल्या, मिसळल्या आणि एका माणसाला स्टुलावरून पाडलं. तेव्हा कुणी हात वर करून बरं करतो म्हणाला, तर आधी विचारा: चिमटीत काय आहे? ते कुठून आलं? ते माझ्यासाठीच आहे हे तुला कसं कळलं? उत्तर देता आलं नाही, तर जीभ आत घ्या.

गर्दी पांगत असताना इस्त्रीवाल्याने मशीन आणलं आणि बाबांच्या दंडाला पट्टा बांधला.

"पाच मिनिटं गप्प बसा, बाबा."

"मला? मी तर साक्षात शीतल..."

"गप्प."

"अरे, ही थंडी..."

"बाबा!"

बाबांना काही जमेना. चार वेळा मोजणी रद्द झाली. अखेर मावशीने त्यांच्या तोंडात एक पेपरमिंट घातली तेव्हा आकडा आला. आकडा बघून बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हात जोडले.

"माई, त्या पुड्यांतली एखादी गोळी..."

"दुसऱ्याची गोळी कुणाला देत नाही आम्ही," बटणवाली म्हणाली. "उद्या सकाळी दवाखान्यात या. रांगेत उभे राहा. मी येते सोबत."

हे घडलेलं नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. दाबमंडळाचा पुढील अर्ज मात्र खरोखर दाखल झाला आहे:

"मा. आरोग्य अधिकारी यांस विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत दवाखान्यात दाढीधारी व भारदस्त आवाजाचे एक पद कायमस्वरूपी मंजूर व्हावे. सदर कर्मचाऱ्याने प्रत्येक रुग्णास त्याची स्वतःची गोळी देताना दोन्ही हात वर करून 'दाबा, उतर खाली' असे म्हणावे, कारण त्याशिवाय काही सभासद गोळी गिळत नाहीत. दाढी कार्यालयाने पुरवावी. योग्य उमेदवार न मिळाल्यास आमच्याकडे एक अनुभवी उमेदवार आहे. त्याच्यावर सध्या औषधोपचार चालू असून तो पाच मिनिटे गप्प बसण्यास शिकत आहे. तोपर्यंत पद रिक्त ठेवावे, ही नम्र विनंती."